दोन इंच माया

मास्तरांनी आयुष्यात स्वतःसाठी एकच कोट शिवला, आणि नेमकी त्यातच माया ठेवली नाही. माया म्हणजे शिवणीच्या आत दडवून ठेवलेलं जादा कापड. पुढे माणूस अंगाने भरला तर उसवून सैल करायला. गिऱ्हाइकाच्या कपड्यात ते न चुकता दोन इंच माया ठेवायचे. पण स्वतःच्या लग्नाचा कोट शिवताना, चोविसाव्या वर्षाच्या ताठ्यात, होणाऱ्या बायकोसमोर म्हणाले, "मी काही सुटणारा माणूस नाही." आणि सगळं जादा कापड कचाकचा कापून टाकलं. आता बोला.

बावन्नाव्या वर्षी मास्तरांची कंबर चव्वेचाळीस झाली आणि कोट बिचारा अडतिसालाच राहिला. मशीनवर बसताना मास्तरांच्या आधी पोट पोचायचं. तसं त्यांचं काही अडलं नव्हतं, पण परगावी शिकणाऱ्या लेकीचा फोन आला. तीन महिन्यांनी तिचा पदवीदान समारंभ होता. "बाबा, तुमच्या लग्नाच्या फोटोतला तो काळा कोट घालून या," ती म्हणाली. "पहिल्या रांगेत बसा. मला स्टेजवरून दिसला पाहिजे." लेकीने चार वर्षांत बापाकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. मास्तरांनी शब्द दिला, आणि वर शहाणपणा असा की शेजारच्या चष्मेवाल्यालाही सांगून बसले. तो रोज काच पुसता पुसता विचारायचा, "मास्तर, किती उतरलं?"

दोन दुकानं सोडून व्यायामशाळा होती. तिथली ट्रेनर लेकीच्याच वयाची. तिने कागदावर लिहून दिलं: आठवड्यातून तीन दिवस वजनं उचलायची, दोन दिवस भरभर चालायचं नाहीतर सायकल, जेवण थोडं कमी, पण प्रत्येक जेवणात अंडी, मासे, दही, कडधान्य यातलं काहीतरी हवंच. आणि पुरेशी झोप.

"याला आम्ही कटिंग म्हणतो," ती म्हणाली.

"मॅडम, कटिंग मला नका शिकवू. जन्म गेला त्यात."

"मग सोपंच आहे. चरबी कापायची, अंग नाही. उपाशीपोटी नुसते पळत सुटलात तर दोन्ही जाईल. घाईत कात्री चालवल्यावर कापडाचं काय होतं, ते तुम्हीच मला सांगा."

मास्तरांना मुलगी आवडली. पंधरा दिवस त्यांनी कागद तंतोतंत पाळला.

इथे दुकानाची एक खोड सांगायला हवी. माप घेताना मास्तर गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असा खणखणीत आकडा सांगायचे, पण खऱ्यापेक्षा दोन इंच कमी. टेबलापाशी वही घेऊन बसलेली बायको चेहरा न हलवता त्यात दोन मिळवून लिहायची. गिऱ्हाईक खुशीत घरी जायचं आणि कपडाही बरोबर बसायचा. अठ्ठावीस वर्षांत हे गुपित दुकानाबाहेर गेलं नव्हतं. वही, काजं आणि बटणं हे बायकोचं खातं. कटिंग तिला येत नाही, असा मास्तरांचा समज होता. येतं, असं तिनेही कधी सांगितलं नव्हतं.

तर पंधरा दिवसांनी रविवारी बायकोने टेप घेतली. कंबर, छाती, पाठ, खांदा, सगळं मोजायला लागली.

"अगं, खांदा कशाला?"

"टेप हातात घेतली की माप पूर्ण घ्यायचं. तुम्हीच शिकवलंय." मग ती म्हणाली, "कंबर त्रेचाळीस."

मास्तरांच्या डोक्याने सवयीने दोन मिळवले. पंचेचाळीस! म्हणजे पंधरा दिवस मर मर मरून एक इंच वाढलो, आणि ही मला वाईट वाटू नये म्हणून गिऱ्हाइकासारखं कमी करून सांगते आहे. विचारायची सोय नव्हती. कोणतं गिऱ्हाईक विचारतं?

मग मास्तर पेटले. सकाळी धावणं, दुपारी दुकान बंद करून सायकल, संध्याकाळी वजनं. अंडी चष्मेवाल्याला. दही मांजराला. जेवायला काकडी आणि वर पाणी. बायकोने ताटाकडे पाहून दोनदा टोकलं, तर म्हणाले, "तुला यातलं कळत नाही." व्यायामशाळेत ट्रेनरने विचारलं, "मास्तर, नीट जेवता ना?" तर तिच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलले. दर रविवारी बायको आकडा सांगायची, मास्तर मनात दोन मिळवायचे आणि सोमवारी आणखी जोरात पळायचे. सहाव्या आठवड्यात ती म्हणाली, "एक्केचाळीस." मास्तरांनी त्रेचाळीस ऐकलं आणि संध्याकाळची काकडीही सोडली.

दोनच दिवसांत व्हायचं ते झालं. शाळेच्या हेडमास्तरांची पँट कापत होते. डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी कात्री खाली ठेवली नाही. कापून झाल्यावर बायकोने तुकडे उचलले, पुन्हा पुन्हा जुळवून पाहिले.

"अहो, हे दोन्ही पाय उजवे आहेत."

मास्तर मटकन स्टुलावर बसले. तिने साखर घातलेलं दूध आणून पुढ्यात ठेवलं आणि कप रिकामा होईस्तोवर समोरून हलली नाही. मग सगळं बाहेर आलं. वाढलेला इंच, काकडी, मांजर.

"आणि तू तरी कशाला दोन दोन इंच कमी करून सांगत होतीस?" मास्तर कळवळून म्हणाले.

बायकोने वही जवळ ओढली. "या दुकानात थाप मारण्याचं काम कुणाचं? तुमचं. माझं काम खरं लिहायचं. मी एकदा तरी कमी आकडा सांगितलाय का?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. खरंच नव्हता. तिने वही उघडून नाकासमोर धरली. चव्वेचाळीस, त्रेचाळीस, एक्केचाळीस. एवढी उतरलेली कंबर, आणि हा माणूस दुःखात लोळत होता.

दुसऱ्या दिवसापासून अंडी घरी परतली. मांजर चार दिवस रुसलं. ट्रेनरला खरं सांगितल्यावर तिने यथेच्छ झापलं, धावणं निम्म्यावर आणलं, वजनं तेवढीच ठेवली. हेडमास्तरांना नवं कापड आणून पँट शिवून दिली, एक पाय डावा असलेली. कंबर आता सावकाश उतरत होती, पण मास्तरांची कात्री चुकत नव्हती. निघायच्या आदल्या रविवारी बायको म्हणाली, "अडतीस." या वेळी मास्तरांनी काही मिळवलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी कोट अंगात चढला. बटणं लागली. मास्तर आरशासमोर उभे राहिले, आत बाहेर झाले, मग चष्मेवाल्याला दाखवायला दुकानाच्या पायरीवर गेले. त्याने कौतुकाने हात पुढे केला. मास्तरांनीही केला.

टर्रर्र.

पाठ मधोमध उसवली होती. कापड शिवणीपाशीच फाटलं होतं. तीन महिने वजनं उचलून पाठ आणि खांदे रुंद झाले होते, आणि आत तर दोरा धरायलाही कापड नव्हतं. मास्तर आत आले, कोट उतरवून मांडीवर घेतला. गाडीला दोन तास होते. "पोर वरून बघेल," ते म्हणाले.

बायकोने कटिंगच्या टेबलाखालून एक गठ्ठा काढला. काळा कोट. तशीच कॉलर, तसेच खिसे, फक्त बटणं नव्हती. मास्तरांनी तो उलटा केला, शिवण पाहिली, खांद्याचा उतार पाहिला. खोट काढायला जागा नव्हती.

"कापला कुणी?"

"सहाव्या आठवड्यापासून खांदा वाढतोय. वहीत आहे. तुम्ही कंबरेच्या ओळीखाली कधी वाचलंच नाही." तिने जुन्या कोटाची बटणं एकेक करून कापली आणि नव्याला लावायला घेतली. "फोटोतली बटणं हीच. पोर ओळखेल."

मास्तरांनी डोळे पुसले. मग पाठीच्या शिवणीत बोट घातलं, आणि सवयीने मोजलं. पुरे दोन इंच.

"एवढी माया कशाला ठेवलीस? मी आता सुटणार नाही."

"हे वाक्य मी एकदा ऐकलंय," ती म्हणाली आणि दाताने दोरा तोडला. "हात वर करा, घालून बघू."