नातवासाठी हलगी

कानडी मुलखातल्या मळमड्डी भागात राहणारे वेंकटेश हुद्दार, ज्यांना सगळी गल्ली वेंकण्णा म्हणते, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. नोकरीत त्यांनी कधी बढती मागितली नाही. हॉटेलातल्या चहात साखर नसली तर ते तो तसाच पितात. माणूस वाईट नाही, असं सगळे म्हणतात. याहून जास्त काही म्हणण्याची वेळ त्यांनी कुणावर आणली नाही.

होळीच्या आधी ते बायकोबरोबर, म्हणजे अनसूयाबाईंबरोबर, चिगरी नावाच्या जलद बसनं हुबळीला गेले. भाचीच्या लग्नासाठी साड्या घ्यायच्या होत्या. वेंकण्णांच्या मनात आणखी एक खरेदी होती, पण ती त्यांनी घरात काढली नव्हती. त्यांना हलगी घ्यायची होती. स्वतःला, वाजवायला.

त्यांच्या लहानपणी होळीला कामण्णा, म्हणजे मदनाचा पुतळा, जाळायचा म्हटलं की मळमड्डीची पोरं कितीतरी आधीपासून लाकडं आणि गोवऱ्या चोरायला लागत. नियम एकच: ढिगावर पडलेली वस्तू मालकानं परत मागायची नाही. एका वर्षी वेंकण्णाच्या वडिलांचा अंघोळीचा पाट ढिगावर दिसला. वडील येऊन बघून गेले आणि दुसऱ्या दिवसापासून उभ्यानं अंघोळ करू लागले.

चोरलेलं लाकूड भरपूर असे, पण हलगी एकच होती, महादेव नावाच्या एका पोराच्या मामाची. पेटलेल्या कामण्णाभोवती पोरं ती पाळीपाळीनं बडवत. वेंकण्णाची पाळी आली की कुणीतरी हात पुढं करी, आणि वेंकण्णा हलगी देऊन टाकी. कातडं गार पडलं की आवाज भद्द येतो, म्हणून ती अधूनमधून जाळावर धरावी लागे. ते काम पोरांनी वेंकण्णाला दिलं. तो ते मन लावून करी. पहाटे बायका चुलीसाठी निखारे न्यायला येत, तोवर जाळही संपलेला असे आणि पाळ्याही. पुढं कॉलेज आलं, मग नोकरी. सरकारी नोकर हलगी वाजवत नाही.

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात साडीच्या दुकानात शिरताना अनसूयाबाई म्हणाल्या, “अहो, तुम्ही बाहेरच थांबा. तुम्हाला पहिलीच साडी बरी वाटते.”

वेंकण्णा बाहेर थांबले, आणि थांबत थांबत शेजारच्या बोळात गेले. तिथं होळीसाठी हलग्यांच्या हातगाड्या लागल्या होत्या; त्यातल्या एकीवर सोनाबाई नावाची एक उंच बाई हलग्या विकत होती. नाव तिनं गाडीवरच रंगवून घेतलं होतं. बोलणी अर्थातच कानडीत झाली.

“कुणाला पाहिजे, अज्जा?”

वेंकण्णांच्या तोंडून भलतंच निघालं. “नातवाला.”

“केवढा आहे?”

“आठ वर्षांचा.”

सोनाबाईनं ताटलीएवढी प्लास्टिकची हलगी पुढं केली. “ही न्या. शेकायची कटकट नाही.”

“ती मोठी कातड्याची...”

“ती गळ्यात अडकवली तर पोर दिसायचं नाही.”

“दहाचा आहे,” वेंकण्णा म्हणाले.

“आत्ता आठ म्हणालात.”

“आता लागेलच दहावं. अंगानं थोराड आहे. आमच्यात सगळे थोराडच होतात.” वेंकण्णा स्वतः सोनाबाईच्या खांद्याला लागत होते.

“मग त्यालाच घेऊन या. मोठीला मनगट लागतं. हात बघून देते.”

नातू आणायचा कुठून? वेंकण्णांनी प्लास्टिकची हलगी हातात घेतली आणि खिशात हात घातला. तेवढ्यात दोन्ही हातांत पिशव्या घेऊन अनसूयाबाई आल्या.

“हे काय?”

“नातवाला नेतायत,” सोनाबाईनं परस्पर सांगून टाकलं. “फार थोराड आहे म्हणे.”

“आम्हाला एक नात आहे. पुण्यात असते,” अनसूयाबाई म्हणाल्या. “चार वर्षांची आहे, मिक्सर लावला तरी रडते.”

दोघीही वेंकण्णांकडं बघू लागल्या. शेजाऱ्याच्या मुलासाठी आहे, असं सांगता आलं असतं. नाव ओठावर आलंही होतं. पण मग हीच प्लास्टिकची घेऊन जावी लागणार, आणि सत्तरी उलटल्यावर या गाडीपाशी पुन्हा कोण येतंय! त्यांनी ती खाली ठेवली.

“मला पाहिजे.”

“आँ?” सोनाबाईला ऐकू आलं नव्हतं.

“मला. ती मोठी.”

“मग असं आधी सांगायचं की हो! मघापासनं नातू वाढवत बसलाय.” तिनं मोठी हलगी काढली, रद्दी पेटवून शेकली आणि काठ्यांसकट त्यांच्या हातात दिली. “बारिसि नोड्री, वाजवून बघा. न वाजवता कुणी नेत नाही.”

अनसूयाबाई इकडंतिकडं बघत हळूच म्हणाल्या, “अहो, भर बाजारात?”

वेंकण्णांनी हलगी खांद्याला अडकवली आणि वाजवली. ताल म्हणावा असं काही निघालं नाही. एक काठी कातड्यावर पडली, दुसरी कडेवर. त्यांनी मान वर करून पाहिलं. कुणीही बघत नव्हतं. बोळातल्या प्रत्येक गाडीवर कुणी ना कुणी काहीतरी बडवून बघतच होतं. मग त्यांनी जरा जोरात वाजवली.

“झालं का? बस जाईल.”

“जाऊ दे,” वेंकण्णा म्हणाले. “दुसरी येते.”

अनसूयाबाईंनी पिशव्या खाली ठेवल्या.