रे सेडलॅकचा नेम

आमच्या गावात कुणालाही विचारा, रे सेडलॅक कसा खेळायचा. तोंडानं कुणी बोलणार नाही. नुसता हात खांद्यावरून मागे नेऊन दाखवतील. म्हणजे काय, तर रेचा चेंडू नेहमी धावणाऱ्याच्या मागे पडायचा. हे केस कापणारा करतो, बँकेतली बाई करते, आणि चर्चच्या पायऱ्यांवर खुद्द फादरनी केलेलं मी पाहिलंय. मला त्या हाताचा असा संताप येतो की एखाद्याचा मोडून त्याच्याच हातात द्यावा. पण माझे गुडघे गेलेत आणि गाव पडलं मोठं. किती जणांचे मोडणार?

मी बड म्रोझेक, रेचा सेंटर. आमच्या फुटबॉलमध्ये चेंडू लांबुळका असतो आणि तो हातानं फेकतात. फेकणारा तो क्वार्टरबॅक, म्हणजे रे. आणि त्याच्यापुढं वाकून, दोन पायांमधून मागे त्याच्या हातात चेंडू देणारा तो सेंटर, म्हणजे मी. शाळेपासून मी त्याला चेंडू दिला, पुढे पगारी संघात गेलो तिथंही मीच दिला. आणि चेंडू दिल्या क्षणी समोरचा दीडशे किलोचा रेडा माझ्या छातीवर आलेला असायचा. त्यामुळे रेनं फेकलेला चेंडू हवेत कसा जातो हे मी कधी धड पाहिलंच नाही. लोकांच्या आवाजावरून समजून घ्यायचं.

रेचा बाप कोळशाच्या भट्टीवर होता. बोलायला कडू, पण पोराच्या खेळाचं त्याला भारी वेड. त्यानं परसातल्या सफरचंदाच्या झाडाला ट्रकचा टायर टांगला आणि रेला सांगितलं, "यातून चेंडू गेला की जेवायला आत ये." रे कधी उपाशी राहिला नाही. गल्लीच्या टोकावरून फेकायचा आणि चेंडू टायरच्या भोकातून कडेला न लागता जायचा. शेजारीपाजारी कुंपणाला टेकून बघायचे. आमच्याकडं प्रत्येक घरामागे असा टायर असतो, आणि नेम म्हणजे टायर, यापलीकडं कुणाची अक्कल कधी गेली नाही. अरे, पण टायर जागचा हलत नाही, माणूस पळतो. तिथंच तर घोडं पेंड खात होतं.

ते इतकी वर्षं कुणाला कळलं नाही याचं कारण लॉनी. लॉनी क्रूप, आमच्या मागच्या गल्लीतला, रेचा चेंडू झेलणारा. वाऱ्यासारखा पळायचा. शाळेत आमची एक ठरलेली चाल होती, तिला आम्ही 'चर्च' म्हणायचो. लॉनीनं सरळ पळत जायचं आणि एकदम सेंट स्टीफनच्या मनोऱ्याकडं वळायचं, वळला की चेंडू त्याच्या पुढ्यात यायला हवा. पण रे वाट बघायचा. लॉनी वळलेला डोळ्यांनी दिसल्याशिवाय त्याच्या हातून चेंडू सुटायचा नाही. मग तो उशिरा यायचा आणि मागे यायचा. लॉनीनं काय केलं, तर वळल्यावर क्षणभर थांबायला शिकला. थांबायचा, एक हात मागे करायचा आणि चेंडू ओढून आणायचा. लोक वेडे व्हायचे. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये अजून लॉनीचा तसा फोटो आहे, हात मागे, चेंडू बोटांत. ज्या खोडीला कान धरून मोडायला हवं होतं, तिला आम्ही चौकटीत बसवून भिंतीवर लावलं.

पुढे आम्ही तिघेही जिल्ह्याच्या गावच्या संघात लागलो. मोठी लीग नव्हे, वसंतातली धाकटी. टीव्हीवर दाखवतात, बघत कुणी नाही. उरलेलं वर्ष रे लोकांच्या घरात गालिचे ठोकायचा. पण पगारी म्हणजे पगारी, समोरचे गडी शाळेतल्या पोरांसारखे झोपलेले नसतात. लॉनी क्षणभर थांबला की तेवढ्यात कुणीतरी येऊन चेंडू उडवून लावायचं. दोन मोसमांत रेचे निम्मे चेंडू जमिनीवर. आणि लोकांनी तर गाणंच केलं. रेनं हात उचलला की अख्खं मैदान ओरडायचं, "मागे! मागे!" उचलली जीभ लावली टाळ्याला, त्यांचं काय जातंय.

तिसऱ्या मोसमाआधी नवा कोच आला, वॉरेन प्रिचर्ड. सुकलेला, बारीक माणूस, कायम सर्दी झालेला. संघाच्या मालकानं त्याला आल्या आल्या सांगितलं, की कॉलेजातलं एक नवं पोर हेरून ठेवलंय, सेडलॅकला पहिले तीन सामने द्या, जमलं तर ठीक, नाहीतर घरी. कोचनं हे लपवलं नाही. रेला आणि मला मैदानावर बोलावून सरळ सांगून टाकलं. मग रेला म्हणाला, "बडला तिकडं उभा कर आणि त्याच्या छातीवर मार."

रेनं मारला. बरोबर छातीवर.

"आता बड, तू पळ."

"कोच, मी सेंटर आहे. मी पळत नाही."

"मग चाल लेका. म्हशीनं चालावं तसं चाल, पण चाल."

मी चाललो. चेंडू माझ्या पाठीमागून गेला. कोचनं नाक पुसलं आणि म्हणाला, "तुझ्या नेमाला काहीच झालेलं नाही. माणूस जिथं आहे तिथं तू फेकतोस. तो जिथं असणार आहे तिथं फेकायचं. मागचा पाय टेकला की चेंडू सुटला पाहिजे. तो वळलाय की नाही हे बघायचं नाही."

"आणि तो तिथं पोचलाच नाही तर?" रेनं विचारलं.

"पोचणं त्याचं काम आहे. तू तुझं कर."

तो हिवाळाभर आम्ही शाळेच्या जुन्या मैदानावर होतो. बर्फ बाजूला सारायचा, मी वाकायचं, चेंडू द्यायचा. रे मागे सरायचा, मागचा पाय टेकायचा आणि रिकाम्या जागेवर फेकायचा. पहिल्या आठवड्यात त्याच्या हातून चेंडू सुटेना. पाय टेकायचा आणि खांबासारखा उभा राहायचा.

"काय झालं?" मी म्हणायचो. "मुहूर्त काढतोयस का?"

"तिथं कुणी नाहीये बड. कुणी नसताना फेकायला लाज वाटते रे."

हे ऐकून मी हसलो होतो, पण त्याला खरंच लाज वाटायची. ज्या माणसाला आयुष्यभर भोकातून चेंडू घालायला शिकवलं, त्यानं हवेवर विश्वास कसा ठेवायचा? तरी त्यानं ठेवला. हळूहळू पाय आणि हात एक झाले. मी आयुष्यात कुणाला असं राबताना पाहिलेलं नाही. बोटं फुटली, त्यावर पट्ट्या लावून फेकायचा. त्याची आई बटाट्याचं सारण भरलेल्या गरम गरम पिरोगी डब्यात घालून आणायची आणि कुंपणाबाहेर गाडीत बसून राहायची, पोराला आपण दिसू नये म्हणून. वसंत येईतो चेंडू असा जाऊन पडायला लागला, की कोच तिथं आपली टोपी ठेवायचा आणि टोपी चिखलात जायची. एकदा तो स्वतःशीच पुटपुटला, "जमलं की रे याला." त्याच्याकडून एवढंच म्हणजे खूप होतं.

पण या सगळ्यात लॉनी कुठं होता? फ्लोरिडात. मेव्हण्याबरोबर छपरं शाकारायला गेला होता, दर हिवाळ्यात जायचा. मोसमाच्या तोंडावर आला तो उन्हानं लाल होऊन. सरावाला पहिलाच चेंडू त्याच्या नाकासमोरून निघून गेला.

"लवकर येतोय रे," लॉनी म्हणाला.

"तू थांबू नकोस. वळलास की पळत राहा," रे म्हणाला.

"थांबतोय कुठं मी?"

"थांबतोस लेका," मी म्हणालो. "गावात फोटो आहे तुझा थांबलेला."

सगळे हसले. सरावात आठवण करून दिली की लॉनी नीट पळायचा, आणि काय सुंदर दिसायचं ते, लोक म्हणायचे. पहिला सामना जिंकलो, दुसरा थोडक्यात हरलो. रेचे दहांतले सात चेंडू हातात पडत होते. "मागे" ओरडणारे अजून ओरडत होते, पण सवयीनं.

तिसरा सामना आमच्याच मैदानावर होता. रे त्या दिवशी इतका शांत होता की मलाच भीती वाटली. बाकीच्या पोरांना त्यानं चेंडू दिले ते ताटात वाढून दिल्यासारखे. शेवटी आम्ही गुणांत थोडे मागे होतो आणि एक चाल खेळण्यापुरता वेळ उरला होता. आम्ही घोळका करून उभे राहिलो. रेनं सगळ्यांकडं पाहिलं, लॉनीकडं जरा जास्त पाहिलं आणि म्हणाला, "चर्च. लॉनी, थांबू नकोस."

"कळलं रे बाबा," लॉनी म्हणाला.

मी चेंडू दिला. समोरच्या रेड्यानं मला असं काही उचलून आपटलं की मी उताणा पडलो, तोंड आभाळाकडं. आणि म्हणून, आयुष्यात पहिल्यांदा, मला रेचा चेंडू पूर्ण दिसला. लॉनी वळायच्या आधीच तो सुटला होता. जरासुद्धा न डगमगता, टोकावर फिरत, जिथं माणूस असायला हवा बरोबर तिथं, छातीच्या उंचीवर उतरला. एवढी देखणी गोष्ट मी या खेळात पाहिलेली नाही.

तिथं कुणी नव्हतं. लॉनी दोन पावलं अलीकडं थांबला होता. थांबून, हात मागे करून उभा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते उगाच नाही. समोरच्या संघातला एक पोरगा आरामात आला आणि त्यानं तो चेंडू छातीशी धरला, जणू त्याच्याचसाठी फेकला होता. सामना तिथंच गेला. चेंडू लॉनीच्या दोन पावलं पुढे गेला होता, डोळे असलेल्या कुणालाही दिसलं असतं. आणि अख्खं मैदान ओरडत होतं, "मागे! मागे!"

सोमवारी रेला काढलं. मी तसाच कोचच्या खोलीत घुसलो.

"तुम्ही चित्रीकरण पाहिलंत का?" मी विचारलं.

"पाहिलं."

"चेंडू कुठं होता?"

"जिथं हवा तिथं. माझ्या अख्ख्या नोकरीत मी असा चेंडू पाहिला नाही."

"मग चोर सोडून संन्याशाला फाशी का?"

कोचनं रुमाल काढला, नाक पुसलं नाही, नुसता हातात धरून बसला. "मी मालकासमोर हेच बोलणार होतो. रेला आधी आत बोलावलं. विचारलं, लॉनी थांबला ना? तर रे मालकाच्या तोंडावर म्हणाला, नाही, माझाच अंदाज चुकला. आता सांग, मी काय करू? फेकणाराच म्हणतोय मी चुकलो."

शुक्रवारी हॉलमध्ये मासे तळायचा कार्यक्रम होता. लेंटचे दिवस, म्हणजे ईस्टरआधीचे, शुक्रवारी मटण न खाण्याचे, सगळं गाव जमलेलं. रे आईबरोबर रांगेत उभा होता. येणारा जाणारा त्याच्या खांद्यावर थोपटायचा आणि पुढं जाऊन हात मागे करून दाखवायचा. मी त्याला ओढून बाहेर गाड्यांमध्ये नेलं.

"तू बोलला का नाहीस?" मी म्हणालो. "मूग गिळून का बसलास? हिवाळाभर माझे गुडघे फोडलेस ते यासाठी?"

"ओरडू नकोस बड. आई ऐकेल."

"ऐकू दे. तिला तरी कळू दे."

त्यानं गाडीच्या टपावरची धूळ बोटानं पुसली. मग म्हणाला, "शाळेपासून त्यानं माझे चुकलेले चेंडू झेलले. एकदाही कुणाला सांगितलं नाही की हा चुकीचा फेकतो म्हणून. त्याच्याच जिवावर मी इथवर आलो. आता माझा एक बरोबर पडला, तर मी त्याचं नाव सांगू?"

"त्यानं सांगितलं नाही, कारण त्याला कळलंच नव्हतं, येड्या. त्याला अजूनही कळलेलं नाही."

"मग राहू दे ना," रे म्हणाला.

मला त्याला मिठी मारावी की मुस्काटात द्यावी हे कळेना. दोन्ही केलं नाही. आत गेलो आणि मासा खाल्ला. मला वाटलं निदान लॉनीला कधीतरी उमजेल. उमजलं की तो चारचौघांत बोलेल, गडी मनाचा वाईट नाही.

कॉलेजातलं ते नवं पोर आलं. ते शिकूनच आलं होतं, मागचा पाय टेकला की फेकायचं. त्याचे चेंडू लॉनीच्या पुढून जात राहिले आणि लॉनी थांबत राहिला. मोसम संपायच्या आत लॉनीलाही घरी पाठवलं. मी गुडघ्यांपायी त्याच्याही आधी घरी बसलो होतो.

रे आता बारा महिने गालिचे ठोकतो. उन्हाळ्यात एका संध्याकाळी आम्ही क्लबात बसलो होतो, रे, मी आणि पाचसहा जण. लॉनी त्याच फोटोतल्यासारखा एक हात मागे टाकून, टेकून बसला होता आणि सगळे त्याला विचारत होते, की काय रे, तुझ्यासारख्याला काढतात म्हणजे काय. नाचता येईना अंगण वाकडं असं त्याला म्हणायची कुणाची हिंमत नव्हती, मुळात कुणाला तसं वाटतच नव्हतं.

"आजकाल कुणाला फेकताच येत नाही," लॉनी म्हणाला. "ते नवं पोर कुठं फेकायचं देवाला ठाऊक, जिथं कुणी नाही तिथं." मग त्यानं रेच्या गळ्यात हात टाकला, अगदी मायेनं. "त्यापेक्षा हा आपला बरा. मागे का होईना, पण हाताला तरी लागायचा. तो शेवटचा एक सोडला तर. तो कुणासाठी फेकला होतास रे?"

सगळे खदखदून हसले. रेही हसला. त्यानं ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "काय की बाबा. चुकला एक."