कार्यालयातला जांभळा धूर

मुलीला दमा आहे हे मी तिच्या सासूला लग्न ठरायच्या आधीच सांगितलं होतं. मुलगी बघायला आले तेव्हा पोहे झाल्यावर त्या हात धुवायला मोरीकडे आल्या. मला चार माणसांत बोलता येत नाही, म्हणून तीच वेळ साधली. म्हटलं, "पोरीला ल्हानपनापासून दमा हाय. धूर सोसत न्हाई. पंप जवळ लागतो."

त्यांनी हात पुसत ऐकून घेतलं. "आमच्याकडं कुठं चूल हाय? गॅस हाय. पाव्हण्यांत बोलू नका, उगं चर्चा व्हती." मला वाटलं, बाई समजूतदार आहे.

लग्नाच्या आधी फोटोवाला आमच्या पडीक रानात नवरानवरीचे फोटो काढायला आला. त्याच्याकडे रंगीत धुराची नळकांडी होती. ती बघूनच मी मुलीच्या मागे जाऊन उभी राहिले. पण पोरगा सांभाळून काम करणारा होता. त्याने चिमूटभर माती हवेत सोडून वारा बघितला. दोघांना वारा येतो त्या बाजूला उभं केलं आणि नळकांडी त्यांच्या मागे, लांब, दगडांत रोवली. जवळ उसाचं वाळलं पाचट नाही ना ते बघितलं, वाळूची बादली ठेवली. धूर त्यांच्या पाठीमागून पलीकडे उसाकडे गेला. ऊन उतरलेलं होतं. ढगापुढे उभी असल्यासारखी दिसली माझी मुलगी. एकदासुद्धा खोकली नाही.

मी हळूच विचारलं, "कार्यालयात लावनार का?"

"न्हाई काकू. छताखाली ह्ये लावायचंच नसतं. धुराला जायला जागा लागती."

नवऱ्यामुलाचे मेहुणे, म्हणजे त्या घरचे जावई, तिथेच होते. त्यांना सगळे दाजी म्हणतात. ते म्हणाले, "इथं रानात कोन बघतंय? मजा तर अक्षता पडताना."

"आत न्हाई जमायचं, दाजी."

"तू फोटो काढ की. धुराचं मी बघतो."

सगळे हसले. मलाही ती थट्टाच वाटली.

लग्न श्रीरामपूरच्या बाहेर, शिर्डीच्या रस्त्याला एका कार्यालयात होतं. मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या आईने तिथे थांबायचं नसतं. तिने तुळशीला पाणी घालत बसायचं. पंप माझ्याच कमरेला, पिशवीत होता, कारण शालू नेसलेल्या मुलीजवळ ठेवायला जागा नव्हती. मी तो आमच्या मालकांना, मुलीच्या वडिलांना, द्यायला गेले तर म्हणाले, "खिसा फुगतो. सगळ्यांचं लक्ष जाईल. एवढ्या वेळात काय व्हतंय?" मी पिशवी परत कमरेला खोवली आणि तांब्या घेऊन मागच्या दाराने बाहेर पडले.

कार्यालयाच्या मागे, स्वयंपाकघराच्या पलीकडे तुळस होती. मंगलाष्टकं कर्ण्यातून ऐकू येत होती. शेवटचं सावधान झालं, वाजंत्री लागली, शिट्ट्या पडल्या. माझे डोळे भरून आले होते. मग आतून खोकल्याचा आवाज यायला लागला, एकाचा नाही, खूप जणांचा. वर बघितलं तर पत्र्याच्या खालून जांभळा धूर बाहेर येत होता.

तांब्या तिथेच राहिला. आतली माणसं पदर, रुमाल तोंडाला लावून बाहेर येत होती. काही हसतही होती. मी त्यांना ढकलत आत गेले. एरवी मी पंगतीतून उठतानासुद्धा आधी आजूबाजूला बघते. दाजींनी कुठूनशी आणलेली नळकांडी स्टेजच्या दोन्ही बाजूंना जळत होती. मुलगी गळ्यात हार घालून उभी होती, छातीवर हात, तोंड उघडं. मी पंप तिच्या तोंडाला लावला. ओठ निळसर पडले होते. फोटोवाला खिडक्या उघडत पळत होता. नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काकू, मी आधी फोटो काढला. हात आपोआप चालला."

नवरीच्या खोलीत तिचा श्वास जागेवर आला तेव्हा खोली पाहुण्यांनी भरली होती. विहीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दमा हाय म्हनून आमाला कुनी सांगितलंच न्हाई. बघितली तवा चांगली टवटवीत हुती."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या पदर नीट करत होत्या. मी सांगितलेलं मालकांना माहीत होतं. त्यांनी हात जोडले. "चुकलं आमचं, विहीणबाई." दाजींना कोणी शब्दाने बोललं नाही. जावयाला कोण बोलणार? मी तोंड उघडणार तेवढ्यात मुलीने माझं मनगट दाबलं. तिला त्याच घरात जायचं होतं.

संक्रांतीला वाण घेऊन गेले तर बैठकीत तोच फोटो मोठा करून लावलेला. जांभळ्या धुरात डोळे मिटलेली माझी मुलगी. हळदीकुंकवाला आलेल्या बायका बघत होत्या. विहीणबाई म्हणाल्या, "कशी लाजली बघा आमची सून. दाजींचं डोकं हाय ह्ये."

शेजारची एक बाई म्हणाली, "आमच्या पोरीच्या लग्नातबी लावा म्हणावं दाजीला. लई भारी दिसतंय."

मुलगी तिळगूळ वाटत होती. तिने मान वर केली नाही.

मी म्हटलं, "आत लावू नका. ती लाजली न्हाई. तिला श्वास येत नव्हता." सगळ्यांना ऐकू गेलं. मग म्हटलं, "दमा हाय ह्ये मी आधीच सांगितलं हुतं. मोरीपाशी."

शेजारीण वाण घेऊन उठली. विहीणबाई आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत.

मुलगी एसटीपर्यंत सोडायला आली. गाडी लागल्यावर म्हणाली, "आई, तुला एकदा बोलून झालं. मला रोज ऐकायचं हाय." मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले, ती जरा बाजूला सरकली. "इतक्यात येऊ नको."

त्याला आता वर्ष होत आलं. मी गेलेली नाही.