सुलट आकडा, उलटी चिंबोरी

खांदा कॉलनीतल्या आशालताबाई मुंबईच्या प्रयोगशाळेत नेमकं करतात काय, हे शेजाऱ्यांना कधी उमगलंच नाही. मासेवाल्या मैनामावशीला मात्र थोडंफार ठाऊक होतं, कारण तिच्याच पाटीतली चिंबोरी, म्हणजे समुद्रातला खेकडा, त्या प्रयोगशाळेत गेली होती. चिंबोरीच्या निळसर रक्तात एक अतिसूक्ष्म कण असतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने त्याचे फोटो काढायचे, फिल्म स्कॅनरवर ठेवून कॉम्प्युटरात घ्यायची आणि पडद्यावरचा एकेक कण माऊसने टिपायचा, हे बाईंचं काम. एक कण म्हणजे नुसता करडा डाग. पण हजारो डाग कॉम्प्युटरने एकावर एक नीट बसवले, की हळूहळू खरा आकार उमटतो.

१९९३च्या त्या सहा महिन्यांत बाईंनी चार हजार कण टिपले. आयुष्यभर तांदूळ निवडलेले डोळे ते, खड्याला कशाला फसतील! फिल्म ठेवण्याचाही त्यांचा एक नियम होता. कोपऱ्यात खरडलेला नंबर सरळ वाचता आला, की फिल्म बरोबर बसली. "आकडा सुलट तर काम सुलट," असं त्या नव्या माणसांना जरा तोऱ्यातच ऐकवायच्या.

शेवटी कॉम्प्युटरने दोन ढीग केले. दोन्हींत स्वल्पविरामासारखा आकार, पण एकात शेपूट डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. "कण दोन्ही कुशींवर पडतो, हाच आपला शोध," प्रयोगशाळेचे प्रमुख उदयसिंह सर खूश होऊन म्हणाले. मंगळवारी ते हे सगळ्यांसमोर मांडणार होते आणि शोधनिबंधावर पहिल्यांदाच आशालताबाईंचं नाव येणार होतं. बाईंनी ते सासूबाईंपासून वाण्यापर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

रविवारी मैनामावशी दारात पाटी उतरवत म्हणाली, "माजे चिंबोरीचा फोटू आला काय वो वैनी?"

बाईंनी कौतुकाने डाव्या-उजव्या दोन्ही आकारांचा कागद पुढे केला. मावशीने तो बराच वेळ न्याहाळला. मग पाटीतला लेप नावाचा चपटा मासा उचलून दाखवला. "या लेपाचं दोनी डोलं येकाच कडंला. आमी जलमभर ह्येच बघतो. उद्या त्ये दुसऱ्या कडंला दिसलं, तर मी मासा नवा हाय म्हनायची नाय. आरशात बघतीस काय गो, असं इचारीन."

बाई हसल्या, पण हसू ओठांवरच विरलं. मासे तसेच ओट्यावर टाकून त्यांनी कणांची यादी काढली. कण खरंच दोन्ही कुशींवर पडत असता, तर प्रत्येक फिल्मवर डावे-उजवे मिसळलेले असते. इथे चाळिसाव्या फिल्मपर्यंत सगळे डावे आणि एक्केचाळीसपासून सगळे उजवे. एक्केचाळीसपासून नंबर टाकत होता नवा मदतनीस देवेश. सोमवारी त्यांनी फिल्म हातात घेऊन पाहिल्या. देवेशने नंबर नेहमीच्या खरबरीत बाजूऐवजी चकचकीत बाजूवर खरडले होते, आणि बाईंनी आकडा सुलट वाचायच्या नादात प्रत्येक फिल्म पालथी ठेवली होती, म्हणून कण आरशातल्यासारखे उलटे आले होते.

गप्प बसावं, असं एकदा मनात आलं. देवेशवर ढकलणं तर आणखी सोपं होतं. शोध गेला, की निबंधावरचं नावही जाणार होतं. पण पालथी फिल्म आपल्याच हातची, हे त्यांना विसरता येईना. बाई सरांसमोर उभ्या राहिल्या. "सर, शोध नाही लागला. अर्ध्या फिल्म मी पालथ्या ठेवल्या."

सरांनी एक फिल्म मागून घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिली. मग खुर्ची ओढून म्हणाले, "तर मग बसा. ते अर्धे कण कॉम्प्युटरात उलटवू." संध्याकाळपर्यंत चारही हजार कण एका ढिगात आले. चित्र आधीपेक्षा इतकं रेखीव झालं, की सर उठून उभे राहिले. "नाव राहील तुमचं," ते म्हणाले, "पण तो नियम बदला." बाईंना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी मावशीला पालथ्या फिल्मची गोष्ट सांगून नवं चित्र दिलं. मावशीने आधी चित्र पाहिलं, मग कागद उलटून मागची बाजू पाहिली.

"मागं कोरं हाय," ती समाधानाने म्हणाली. "आता कुनी चुकायचं नाय."