शंभर टक्के निकालाचं वर्ष

त्या वर्षी आमच्या दिल्लीतल्या शाळेत प्रिन्सिपलनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, "जिसका रिझल्ट सौ प्रतिशत, उसी का इन्क्रिमेंट." दुसऱ्याच दिवसापासून मारझोड सुरू झाली. सायन्सच्या सरांनी एकाचं डोकं बाकावर आपटलं. मीही काही कमी नव्हते. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमधून निघताना डब्याशेजारी लाकडी पट्टी ठेवायची. गणित मी आधीही जीव तोडून शिकवायची. आता मात्र नापास होणारी मुलं माझ्या तोंडचा घास पळवणारी वाटायला लागली.

माझ्या दहावीच्या वर्गात एकच मुलगी अडत होती. कॅन्टोन्मेंटमधल्या हवालदाराची, साताऱ्याकडची. परीक्षेला तीन आठवडे उरले होते. तिनं फळ्यावर पुन्हा तेच समीकरण चुकवलं आणि माझं डोकं फिरलं. "तू एकटी मला बुडवणार! तुझ्यामुळे माझं इन्क्रिमेंट जाणार!" भर वर्गात मी किंचाळले. "हात पुढे कर!" तिनं सवयीनं उजवा केला. मी पट्टी कडेनं मारली, मारत राहिले, ती तुटली तेव्हा थांबले. कडकन आवाज झाला तो पट्टीचाच, असं मी स्वतःला बजावलं.

दुसऱ्या दिवशी ती हाताला प्लास्टर घालून आली, सोबत वर्दीतले वडील.

"बाई, पोरगी जिन्यावरनं पडली म्हणती. आता पेपर कसा लिवायचा? कायतरी करा."

त्यांना ऑफिसात बसवून मी तिला व्हरांड्यात नेलं. "खोटं का सांगितलंस?"

"मॅडम, तुमचं इन्क्रिमेंट गेलं असतं ना."

लेखनिक मिळवायचा तर वर्गशिक्षिकेनं अर्ज भरावा लागे. कारणाच्या रकान्यात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, जिन्यावरून पडून. ती उत्तरं सांगत गेली, नववीतली एक मुलगी लिहीत गेली. ती काठावर पास झाली. माझा निकाल शंभर टक्के लागला, वेतनवाढ मिळाली. स्वतःची किळस आली, पण वाढ नाकारली नाही.

निकालानंतर ती पेढे घेऊन आली. प्लास्टर कधीच निघालं होतं, तरी मनगट वळत नव्हतं.

"सॉरी हं मॅडम," ती ओशाळून म्हणाली, "डाव्या हातानं देतेय."