पंचमीचा सर्व्हर

मालवीय नगरातल्या घराच्या पुढच्या खोलीत मी आणि माझा नवरा वेबसाइट बनवायचं काम करत होतो, ती गोष्ट. सासरे रेल्वेतून निवृत्त होऊन जयपूरलाच राहिले होते आणि सासूबाईंच्या स्वयंपाकघरात दरवर्षी भुसावळहून मागवलेलं मराठी कॅलेंडर लटकत असे. त्या कॅलेंडरने आमचा घात केला.

आमची गिऱ्हाईक होती जौहरी बाजारातल्या एका रत्नांच्या व्यापाऱ्याची धाकटी सून. लग्नाआधी रत्नपरीक्षा शिकलेली. पण त्या घरातल्या बायका खालच्या मजल्यावरच्या पेढीत पाऊल टाकत नसत, त्यामुळे शिकलेलं सगळं वर पोळ्या लाटण्यात जात होतं. तिने सासऱ्यांच्या मागे लागून एक खोली मिळवली, कॅमेरा घेतला आणि एकेक पन्ना म्हणजे पाचू, एकेक माणिक चारी बाजूंनी टिपून खाली त्याचे गुण लिहायला लागली. दोषही लिहायची. सासऱ्यांची अट एकच होती. साइट सुरू करायच्या मुहूर्ताच्या सकाळी परदेशातला एखादा तरी व्यापारी तिच्यावर माल बघून पेढीशी बोलला पाहिजे. नाही बोलला तर खोलीला कुलूप लागणार आणि हा विषय घरात पुन्हा निघणार नाही.

फोटो भलतेच जड होते. इतर गिऱ्हाइकांच्या साइट जिथे दाटीवाटीने एकाच मशीनवर राहायच्या, तिथे ही डेटाच्या तुटपुंज्या कोट्यावर फक्त चाचणीपुरती ठेवली होती. खऱ्या कामासाठी अमेरिकेतल्या एका कंपनीकडून अख्खा सर्व्हर भाड्याने घ्यायचा होता आणि कुठला प्लॅन घ्यायचा यावरून आमचं भांडण चालू होतं. एका प्लॅनमध्ये महिनाभर कितीही डेटा वापरा, बंधन नाही, पण लाइन अरुंद. दुसऱ्यात लाइन रुंद, पण महिन्याचा कोटा ठरलेला. नवरा पहिल्याच्या प्रेमात पडला होता. "अनलिमिटेड आहे, मतलब डोक्याला ताप नाही." मी म्हणायचे, अरे, साइट सुरू झाल्याचा मेल मिळाल्यावर सगळे व्यापारी एकदमच येणार, टाकी कितीही भरलेली असली तरी नळ बारीक असेल तर रांगच लागते. सकाळी तासभर येणाऱ्या पाण्यावर घर चालवणाऱ्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. पण वेळ भरपूर आहे असं आम्ही धरून चाललो होतो, म्हणून भांडणालाही घाई नव्हती.

एप्रिलातल्या एका दुपारी त्या सुनेचा फोन आला. "दीदी, कल सुबह पंडितजी आ रहे हैं. सब तैयार है ना? मैंने सबको मेल भेज दिया."

"कल? मुहूर्त तो अगले महीने है."

"नहीं दीदी, बैसाख बदी पंचमी कल ही है."

मुहूर्त फोनवर टिपून घेतला होता नवऱ्याने. बदी म्हणजे वद्य, एवढं त्याला ठाऊक होतं. त्याने सासूबाईंना विचारलं, त्यांनी पान उलटून वैशाख वद्य पंचमी दाखवली, आणि ती होती मे महिन्यात. आपला महिना अमावस्येला संपतो, इकडच्या लोकांचा पौर्णिमेला. आपल्या चैत्र वद्यालाच हे लोक बैसाख बदी म्हणतात. दर गोकुळाष्टमीला शेजारीण भादवा म्हणायची, सासूबाई श्रावण म्हणायच्या, आणि आम्ही हसून सुंठवड्याकडे वळायचो. इतकी वर्षं जयपुरात काढून दोघांच्याही डोक्यात प्रकाश पडला नव्हता. मी नवऱ्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, मी बरोबरच सांगितलं होतं." त्यांचं बरोबर होतं, म्हणून माझा आणखीच जळफळाट झाला.

मी रुंद लाइनचा प्लॅन घेतला. नवऱ्याने खिशातून कार्ड काढून दिलं. अमेरिकेत तेव्हा पहाट होती. तिथल्या माणसाने चॅटवर सांगितलं की परदेशी कार्ड आहे, ओळखपत्राची प्रत पाठवा, मग बघतो. प्रत स्कॅन होत असताना वीज गेली. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालला, स्कॅनर चालेना, आणि नवरा स्कूटर काढून बाजारातल्या सायबर कॅफेकडे पळाला. सर्व्हर हातात आला तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. जुन्या मशीनवरचे फोटो थेट नव्या मशीनवर ओढून घेतले आणि साइटचं नाव तेच ठेवून तिचा पत्ता नव्या मशीनवर वळवला. आता उरलं होतं ते आमच्या हातात नव्हतं. पत्ता बदलल्याची खबर जगभर हळूहळू पसरते. कुठे तासाभरात पोचते, तर कुठे दुसऱ्या दिवशी. तोवर ज्यांना खबर नाही ते जुन्या मशीनच्या दारावरच जातात. मला जेवण गेलं नाही.

सकाळी मी पेढीवर पोचले तेव्हा कॉम्प्युटर खाली आणून ठेवला होता. पांढऱ्या चादरीच्या गादीवर तिचे सासरे, शेजारी मोठा दीर, आणि सून डोक्यावरचा पदर ओढून भिंतीला लागून उभी. पूजेपुरतं तिला खाली बोलावलं होतं. पंडितजींनी मॉनिटरवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, माउसला लाल धागा बांधला आणि सासऱ्यांनी स्वतः बटण दाबलं.

पांढरं पान उघडलं. या साइटचा कोटा संपला आहे, एवढंच त्यावर लिहिलेलं. पत्ता बदलल्याची खबर त्या घराच्या इंटरनेटवाल्याकडे पोचलीच नव्हती. तो अजून जुन्या दारावर नेत होता, आणि तिथला इवलासा कोटा मेल मिळालेल्या व्यापाऱ्यांनी पहाटेपर्यंत संपवून टाकला होता.

"अंकलजी, बाहर खुल रही होगी," मी म्हटलं. "सिर्फ़ यहाँ नहीं खुल रही." माझा आवाज मलाच खोटा वाटला.

सासरे शांतपणे म्हणाले, "बेटा, जो दुकान अपने घर में न खुले, वो बाहर क्या खुलेगी?"

दिराने किल्ल्यांचा जुडगा उचलला. वरच्या खोलीची किल्ली त्यातच होती. सुनेने मान वर केली नाही. मला तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात गादीजवळचा फोन वाजला. बँकॉकहून होता, तिथे स्थायिक झालेला जयपूरचाच कुणी व्यापारी. सासरे बराच वेळ नुसते "हाँ जी, हाँ जी" करत ऐकत राहिले. मग रिसीव्हरवर तळवा ठेवून त्यांनी विचारलं, "पन्ने में कोने के पास चीर है, ये किसने लिखा?"

आपल्या मालाची चीर आपणच जगाला सांगायची, हे त्या बाजारात कुणी ऐकलेलं नव्हतं. दीर तिच्याकडे डोळे वटारून बघत होता. ती लिहीत असताना मी बाजूलाच बसले होते आणि मला ते फार आवडलं होतं.

"मैंने लिखा," ती म्हणाली. "चीर है, बाबूजी."

"वो कहता है, जिसने ये लिखा है, उसी से बात करूँगा. बाक़ी माल भी उसी से पूछूँगा."

त्यांनी रिसीव्हर तिच्यापुढे धरला. ती भिंत सोडून पुढे आली आणि गादीच्या कडेला थबकून उभ्यानेच तो घेऊ लागली. तेव्हा ते थोडे सरकले आणि त्यांनी चादरीवर हात फिरवून जागा केली.

"खड़े-खड़े नहीं. बैठकर बात करो."