शहादेवाचा उजवा हात

वर्तमानपत्रात अधूनमधून 'व्हेटो' येतो. कुठल्या तरी बड्या देशानं तो वापरलेला असतो आणि त्यावर कोणी शहाणा अग्रलेख लिहितो, नकाराधिकार म्हणून. शब्द लॅटिन आहे, अर्थ एवढाच: मी मनाई करतो. जुन्या रोममध्ये सामान्य लोकांनी निवडलेला माणूस असं म्हणाला की सरदारांचा ठराव तिथंच थांबायचा. त्याच्या अंगाला कोणी हात लावला तर लावणाऱ्याला ठार मारायची मोकळीक होती. हे वाचलं की माझं डोकं फिरतं. वडिलांनी सांगितलेला आमच्या गावचा शहादेव आठवतो. त्याच्या अंगाला सगळ्या गावानं हात लावला होता.

निजामाचं राज्य होतं. आमचं गाव लिंबागणेशपासून कोसभर. गावात काही आडवंतिडवं करायचं असलं की घरटी एक कर्ता माणूस मारुतीच्या पारावर जमायचा. मधे पितळी ताट, त्यात घरामागे एक सुपारी. ज्यानं त्यानं उजव्या हातानं आपली सुपारी उचलायची. एक जरी ताटात राहिली तरी काम मोडलं. यात न्यायबिय काही नव्हता. पोलिसांचे अमीनसाहेब चौकशीला आले तर कोणी तोंड उघडू नये, सगळ्यांचे हात सारखेच बरबटलेले असावेत, एवढाच मतलब.

शहादेव कोरडवाहू तुकडा कसणारा, कमी बोलणारा आणि भाकरी जरा जास्तच खाणारा माणूस. पारावर मागं बसायचा. तोवर दर वेळी त्यानंही सुपारी उचलली होती, तोंडात टाकली होती आणि चघळत घरी गेला होता.

त्या वर्षी सुंदरराव पाटलांचे दोन बैल एकाच दिवशी मेले. पाटलांचा धाकटा भाऊ आप्पाराव, डोक्यानं गरम, म्हणाला की नदीकाठी तंबू ठोकून राहिलेल्या भटक्या पालवाल्यांनी शिंगांसाठी विष घातलं. ती माणसं शिंगांच्या फण्या करून विकत फिरायची. दिवस मावळायला पालं पेटवायची, माणसांसकट, असं ठरलं. ताट फिरलं आणि शहादेवापाशी अडलं.

"कावून उचलंना बे?" आप्पारावानं विचारलं.

"सकाळी नदीवर गेलतो," शहादेव म्हणाला. "पालात लेकरं हायेत. माझी सुपारी ऱ्हाऊ द्या ताटात."

पहिली काठी पाठीवर बसली. मग कोणाची कुठली ते कळेना. ज्यांच्या लग्नात त्यानं पंगती वाढल्या होत्या त्यांनीही हात धुऊन घेतले. बायको मुक्ताबाई मधे पडली, तर तिला केसांना धरून पाराखाली फेकलं. शहादेव रक्त थुंकायचा आणि मूठ आणखी आवळायचा. मूठ उघडेना म्हणून आप्पारावानं ती पाराच्या कडेवर धरायला लावली आणि दगडानं ठेचली. हाडं मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

मग दोघांनी त्याला ताटाशी ओढत आणलं आणि तो हात सुपारीवर ठेवला. बोटं मिटेनात. आप्पाराव म्हणाला, डाव्यानं उचलू दे. पण पाटलांनी ताट मागं ओढलं. डाव्या हाताची सुपारी मारुतीला चालत नाही, हा नियम त्यांच्याच आज्यानं घातलेला.

"डावा चालत न्हाई," ते म्हणाले. "मोडलं. घरी जा समदे."

आरडाओरडा नदीपर्यंत गेला असावा. दिवस बुडायच्या आत पालवाले पाली गावाच्या वाटेनं निघून गेले होते, लेकराबाळांसकट.

शहादेव जगला. बोटं वाकडी सांधली, कायमची ताठ झाली. मुक्ताबाई त्याला भाकरी कुस्करून भरवायची. तो आप्पारावाला मनातल्या मनात रोज मारायचा, असं तोच सांगायचा, आणि मला ते अगदी रास्त वाटतं.

त्या दिवसानंतर पारावर ताट निघालं नाही. काही वर्षांनी सुंदरराव वारले. त्याच साली आप्पारावानं आपल्या सालगड्याला, धर्मराजला, आसुडानं झोडपत जीव जाईस्तोवर मारलं. गाव भडकलं. आप्पारावाला दोरानं बांधून पारावर आणलं. दोन्ही पाय कुऱ्हाडीनं तोडायचे ठरले. आप्पारावाच्या घरची सुपारी वगळून ताट फिरलं, एकेक सुपारी गेली आणि शेवटची शहादेवाची राहिली.

त्याला उचलायची होती. आयुष्यात दुसरं काही त्याला इतकं हवं नव्हतं. त्यानं बोटं सुपारीवर दाबली, ती निसटली. दोन ताठ बोटांत धरू पाहिली, ती घरंगळून ताटाच्या कडेला गेली. मुक्ताबाई उचलायला वाकली, तर लोकांनी तिला मागं सारलं, कारण दुसऱ्याचा हात चालत नव्हता. कोणी तरी डाव्या हाताचं सुचवलं. तेव्हा बांधलेला आप्पाराव बोलला.

"डावा चालत न्हाई. माझ्या भावानं तुमच्याम्होरंच सांगितलंय."

मारुतीसमोर ते खोटं आहे म्हणायला कोणी धजेना. दोर सोडावा लागला.

पालवाल्यांसाठी मार खाताना शहादेव रडला नव्हता. त्या दिवशी तो ताटाशी बसून हमसून हमसून रडला. आप्पाराव मनगटं चोळत त्याच्या शेजारून आपल्या पायांनी घरी गेला.